सहीचा क्लोजअप

राजकारणातल्या बायकांवरच्या एका विनोदी मालिकेचं शूटिंग शेंद्र्याकडच्या एका ग्रामपंचायतीत लागलं, आणि त्या निमित्तानं सरपंच रत्नमालाबाई तीन वर्षांत पहिल्यांदा आपल्या ऑफिसात आल्या. एरवी त्यांना त्रास नको म्हणून त्यांचे मालक काकासाहेबच त्यांच्या खुर्चीत बसायचे. बायकोची काळजी, दुसरं काय!

मालिकेतली सरपंचबाई ठरावावर सही करते, तेव्हा तिचा नुसता हात दाखवायचा होता. नटीची नखं पडली लांब अन् गुलाबी. दिग्दर्शक म्हणाला, "खऱ्या सरपंचांचाच हात घ्या. ठरावाची वहीपण खरी आणा."

रत्नमालाबाईंनी शाळेत गिरवलेल्या अक्षरात सावकाश सही केली. दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. "ताई, वरच्या सगळ्या सह्या वेगळ्याच दिसतायत. तशीच करा ना. तुमचीच तर आहे!"

त्यांनी पुन्हा केली. पुन्हा जुळली नाही.

काकासाहेब कानाशी लागले. "लई सोपं हाय. 'र'ला लांब शेपूट दे अन् खाली दोन टिंबं."

"माझ्यानं नाय व्हायचं," म्हणत त्या खुर्चीतून उठल्या. मेकअपच्या पेटीतल्या डझनभर हिरव्या बांगड्या उचलून त्यांनी सगळ्यांसमोर नवऱ्यापुढं धरल्या.

"घ्या, भरा हातात. सरपंचाची सही तुमच्याच हाताला जमती."