उजव्या पायाची भरपाई

हिंगमिरे मास्तरांचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये होते, पण रिक्षा कंपनीचे वकील एकाच पायाची भरपाई द्यायला तयार होते.

"डावा पाय अपघातात मोडला, मान्य," वकील कोर्टात म्हणाले. "उजव्याचं वेगळं आहे. आमच्या बिनचालक रिक्षांना आम्ही संस्कार देतो. चुकून कुणाला पाय लागला, तर लगेच स्पर्श करून नमस्कार करायचा. या रिक्षाला हात नाहीत, म्हणून ही मागे वळली आणि हिनं मास्तरांना पुन्हा चाक लावलं. हा अपघात नव्हे, मॅडम. हा आदर आहे."

"अहो, त्या आदरानं माझी नडगी मोडली!" मास्तर ओरडले.

साक्षीला आणलेली रिक्षा कोपऱ्यात दिवे मंद करून ओशाळवाणी उभी होती. न्यायाधीश शिंगाडेबाईंना तिची दया आली.

"भरपाई दोन्ही पायांची द्यायची," त्यांनी निकाल दिला. मग त्या रिक्षाकडे वळल्या. "तुझ्या मनात वाईट नव्हतं गं. सुखी राहा."

रिक्षाचे दिवे लख्ख उजळले. मोठ्यांनी आशीर्वाद दिला की पाया पडायचं, हेही तिला शिकवलेलं होतं. ती पुढे सरकली.

शिंगाडेबाई पाय वर घेऊन खुर्चीवर चढल्या.

"लांबून, पोरी! लांबूनच नमस्कार कर!"