शेवटचा खंड

दारातल्या मुलीनं कागदाचं फूल टाचणीनं शालीवर टोचलं, "या आजी, वेलकम" म्हणाली, आणि ऑपरेटरबाईंचं बोट सवयीनं पाकळीवर गेलं ते तिथंच थांबलं.

पाकळीवर अक्षरं होती. ब्रेलची. 'निरीक्षक' एवढं नीट लागलं, पुढची टिंबं डिंकाखाली बसून गेली होती.

"हा कागद कुठला गं?"

"इथलाच, वाचनालयातला. जाड आहे ना, पाकळ्या मस्त उभ्या राहतात. स्टेजच्या कमानीला हीच फुलं आहेत, पाहुण्यांनाही हीच."

ऑपरेटरबाईंनी सगळी नोकरी इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर केली होती. नोकरी सुटली, नाव चिकटून राहिलं. दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसताना त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून एक रहस्यकादंबरी वाचत. ब्रेलमध्ये तिचे पाच खंड होते, एकेक खंड भरलेल्या उशीएवढा, त्यामुळे घरी न्यायचा प्रश्नच नव्हता. चार झाले होते. चौथ्याच्या शेवटी निरीक्षकानं सगळ्या घराला जेवणाच्या खोलीत बोलावलं होतं. मग खोकल्यानं बाईंना महिनाभर अंथरुणात पाडलं आणि ते घर तसंच त्या खोलीत बसून राहिलं. आज इथं महोत्सव बिहोत्सव आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. त्या पाचव्या खंडासाठी आल्या होत्या.

त्यांनी सुनेचा दंड सोडला आणि ओळखीच्या वाटेनं कोपरा गाठला. फळीवरून हात फिरवला. खालच्या, वरच्या. सगळ्या रिकाम्या. वर कुणीतरी ओला फडकाही मारला होता.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सेक्रेटरी कुठं आहेत?" त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की खुर्च्या सरकवणारे हात थांबले.

"आई, हळू," सून कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत. तेवढंच येतं त्यांना."

सेक्रेटरी धावत आले. पाहुणे येऊन बसले होते, म्हणून सेक्रेटरींचा आवाज आज लोण्यात घोळलेला होता. "अहो बाई, काय झालं?"

"माझी पुस्तकं फाडलीत तुम्ही."

"छे छे, पुस्तकं कशी फाडू? वाचनाचा महोत्सव आहे आपला! ती कोरी होती हो. नुसती टिंबं. डेकोरेशनच्या मॅडम म्हणाल्या, काय सुंदर नक्षीचा कागद आहे."

"कोरी? चार खंड वाचले मी इथं बसून. कोऱ्या कागदावर बोटं फिरवत होते का?"

"ते आम्हाला कसं कळणार? कुणी कधी घरी नेली नाहीत. म्हटलं, धूळ खाण्यापेक्षा चार लोकांच्या नजरेला तरी पडतील."

नजरेला! बाईंना त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आवाजावरून गाल नेमका कुठं आहे तेही त्यांना कळत होतं. त्यांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सेक्रेटरी सारवासारवीला लागले. नवीन मागवू, पुढच्या बैठकीत विषय घेऊ, झालं गेलं विसरून जा. बाई जागच्या हलेनात तेव्हा त्यांनी ठेवणीतला उपाय काढला. "असं करू. आज तुमचाच सत्कार करू. आमच्या ज्येष्ठ वाचक! पाहुण्यांच्या हस्ते. या, स्टेजवर या."

"चला," बाई म्हणाल्या.

सुनेनं दचकून त्यांच्याकडं पाहिलं. सासूबाई सत्काराला इतक्या मुकाट तयार होतील यावर तिचा विश्वास बसेना. पायऱ्यांपाशी मात्र तिनं आपल्या ओढणीवरचं फूल ओरबाडून काढलं आणि त्यांच्या मुठीत कोंबलं. "हे घ्या आई. याच्यावर डिंक कमी आहे."

पुष्पगुच्छ मिळाला, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. 'दोन शब्द' बोला म्हणून माईक पुढं आला. बाईंनी गुच्छ काखेत मारला आणि मुठीतलं फूल उलगडायला घेतलं. चुरचुर आवाज माईकमधून सभागृहभर पसरला. पाकळ्या कात्रीनं कापलेल्या होत्या, मधला गाभा पानाचा मोठा तुकडा गुंडाळून केला होता. त्यांनी तो काठीच्या मुठीवर ताणून धरला आणि वाचू लागल्या. बोर्डावरचा जुना आवाज, सावकाश, एकेक शब्द सुटा.

"'दार लावून घ्या, निरीक्षक म्हणाले. आता इथून कुणीही बाहेर जायचं नाही. ज्यानं हे केलं, तो आत्ता याच खोलीत बसला आहे. त्याचं नाव...'"

बोट कागदाच्या कापलेल्या कडेवर आलं.

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सेक्रेटरी माईककडं हात नेत दबक्या आवाजात म्हणाले, "छान, छान, पुरे आता बाई." बाईंनी मोकळ्या हातानं माईक धरून ठेवला. त्यांनी चेहरा आवाजाच्या दिशेनं वळवला, मग पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं, मग समोरच्या रांगांकडं.

"पुढचं पान कुणाच्या छातीवर आहे?"

पहिल्या खुर्चीतल्या प्रमुख पाहुण्यांनी आपल्या कोटावरचं फूल हळूच तळहातानं झाकलं.