पितळी ठिगळ

माझ्या हळदीच्या दिवशी आबांनी कडब्याखाली झाकलेली जुनी मोटारसायकल बाहेर काढली. "नवरदेव घोड्यावर न्हाय, हिच्यावर जाईल," म्हणाले. निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर ही त्यांनी सोलापूरच्या लिलावात घेतली, एवढंच आम्हाला ठाऊक. सगळीकडं काळा रंग फासलेला होता. हँडल चमकवून झाल्यावर मी पुढचा दिवा घरची भांडी घासतात तसा चिंच आणि विटेच्या पुडीनं घासायला घेतला. रंगाचे पोपडे सुटले. खालून पितळेचं गोल ठिगळ निघालं, त्यावर कोरीव वेलबुट्टी. ओसरीवर गावातली बांगडीवाली बेगमबी आईला बांगड्या भरत होती. तिची नजर दिव्यावर गेली आणि हात थांबला. पिशवीतून तिनं आपलं पानदान काढलं. झाकणाला मधोमध गोल भोक होतं. भोवतीची वेलबुट्टी तिथंच तुटलेली. "दिव्याला भोक पडलं तवा ह्यांनी माझं झाकण कापून लावलं व्हतं," ती म्हणाली. "लिलावातली हाय ती," आबा म्हणाले. "तुमीच गावाला सांगितलं," बेगमबी म्हणाली, "ह्याच गाडीवर बसून ते पाकिस्तानात गेले. डोळ्यानं बघितलं म्हणालात." बेगमबीनं आईचा हात पुन्हा हातात घेतला आणि राहिलेल्या बांगड्या एकही न फुटू देता भरल्या. मग ती अंगणात आली. इतकी वर्षं नवऱ्याच्या नावानं घातलेल्या स्वतःच्या बांगड्या तिनं त्या चकचकीत दिव्यावर आपटून फोडल्या.