विरजणाचे भाऊबंद

पिवळी कागदी पट्टी निळी झाली तशा सासूबाई पुढे सरकल्या. सकाळपासून सुनेला ओलसर लागत होतं. सातवा महिना, म्हणून दोघी धावतपळत दवाखान्यात आल्या होत्या. पट्टी निळी झाली तर गर्भाचं पाणी गळत असण्याची शंका, हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"येण्याआधी काही लावलं होतंस? औषध, साबण?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

टेबलावर झोपलेली सून छताकडे बघत राहिली. "साबणाने धुतलं. आतपर्यंत."

"मीच सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जायचं, तर स्वच्छ होऊन नको जायला?"

"साबणानेही पट्टी निळी होते, काकू. गर्भाचं पाणी असेल तर ते काचेवर वाळल्यावर नेच्याच्या पानांसारखी नक्षी उमटते. बघू."

डॉक्टरबाईंनी काचेच्या पट्टीवर थोडा ओलावा पसरून ती वाळत ठेवली. एरवी घरात सासूबाईंपुढे कोणाची डाळ शिजत नसे. आता त्या काच वाळली का ते पुन्हापुन्हा वाकून बघत होत्या. डॉक्टरबाईंनी काच सूक्ष्मदर्शकाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली.

"नक्षी नाही. पाणी शाबूत आहे. एवढा ओलावा या दिवसांत असतोच. परवा पुन्हा पट्टी लावू, साबण न लावता या."

सासूबाई स्टुलावर बसल्या.

"आता काय धुऊन काढत होतात ते बघा." डॉक्टरबाईंनी दुसऱ्या काचेवर रंगाचा थेंब सोडला.

सासूबाईंनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी आपल्याच पापण्या दिसल्या. मग उजेडाचं वर्तुळ, त्यात फिकट पापुद्रे आणि त्यांवर बारीक काड्याच काड्या.

"दह्याच्या विरजणाचे भाऊबंद. आतलं सगळं आंबट करून ठेवतात, म्हणजे नको ते जंतू फिरकत नाहीत. पोट राहिलं की हे वाढतात. साबण यांच्याच मुळावर उठतो."

"यांना कोणी सांगितलं, हिला दिवस गेलेत म्हणून?"

"हिच्याच शरीराने. यांचा शिधा वाढवून देतं ते."

"आणि मुळात आले कुठून?"

"सगळ्यांचं नाही सांगता येत. पण काही जन्मताना आईच्या अंगावरून येतात. हिचं बाळही नेईल."

सासूबाई डोळा न काढता म्हणाल्या, "हिला पाळण्यात ठेवून हिची आई वारली हो. एक फोटोसुद्धा नाही तिचा."

टेबल करकरलं. सून कपडे सावरत खाली उतरली. सासूबाईंनी उठून तिला स्टुलावर बसवलं. "लगेच नाही दिसत. थांब जरा."

सून वाकली, ती वाकलेलीच राहिली. बाहेर नर्सने पुढचा नंबर पुकारला आणि दार अर्धं उघडलं. सासूबाईंनी ते हलकेच लोटलं आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.