पाठीमागचा डोंगर

ह्यांच्या निवृत्तीला आठवडा झाला आणि मी ह्यांच्याच शहरदर्शनाच्या बसची दोन तिकिटं काढली. एकतीस वर्षं गाइड म्हणून जगाला फिरवलंत, आता एक दिवस माझ्या शेजारी बसा म्हटलं.

पण सकाळपासूनच ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं. नवी गाइड म्हणाली, "उजवीकडे बघा, हरणं!" सगळी बस उजवीकडे वळली, हे डावीकडे. तिनं डावीकडे तळ्यावरचे पक्षी दाखवले, तर हे उजवीकडच्या पेट्रोल पंपाकडे टक लावून बसलेले.

"अहो, उजवा हात कुठला ते तरी आठवतंय का?" मी दबक्या आवाजात विचारलं.

ह्यांनी दोन्ही हात पुढे धरले, आळीपाळीनं बघितले आणि म्हणाले, "गोंधळ होतोय खरा." लेकीला फोन करावा, की सरळ डॉक्टरांना?

शेवटचं वळण आलं. "आता समोर बघा! डोंगर इथून मिनिटभरच दिसतो," गाइड म्हणाली. अख्ख्या बसनं आ वासला. हे मात्र मागे वळून लोकांचे चेहरे न्याहाळत होते.

"अहो, समोर!" मी चिडून ह्यांची हनुवटी धरली आणि मान फिरवली.

डोंगर आड जाईपर्यंत ह्यांची पापणी लवली नाही. मग हळूच म्हणाले, "एवढा मोठा आहे होय? अगं, मी रोज लोकांकडे तोंड करून उभा. हा आपला कायम माझ्या पाठीमागे."