दोन दिवसांचे कपडे

आईने बॅगेत टाकलेली स्वतःची जीन्स लेकीने तिसऱ्यांदा बाहेर काढली. शहरात दोन दिवस नुसतं हिंडायचं, एवढंच आईला सांगितलं होतं. शनिवारी चार वाजता आईच्या डोक्याचा स्कॅन आहे, हे लेकीला आणि बाबांनाच ठाऊक होतं. तपासणीचं नाव काढलं की आई हटून बसायची, आणि चक्कर तर आता रोज येत होती. हॉस्पिटलने बजावलं होतं, अंगावरच्या कपड्यांत धातू नको.

"जीन्सची चेन प्रवासात टोचते गं."

"मग हा कुर्ता?"

"त्याची जरीची किनार टोचेल."

"आणि ही पँट?"

"तिचा हुक..."

"तुला आज सगळंच टोचतंय! फिरायला निघालोय की झोपायला?"

लेकीने नाडीचा पायजमा आणि साधा टी-शर्ट पुढे केला.

शिवणकामावर घर चालवलेल्या आईने दोन्ही कपडे उलटे करून पाहिले, नीट घडी घातली आणि उठून दार लोटून घेतलं. बाहेर बाबा नवी टोपी घालून आरशासमोर शीळ घालत होते.

"हॉस्पिटलला स्कॅनच्या खोलीतले कपडे शिवून दिलेत मी. हुक नको, चेन नको, नुसती नाडी लावा म्हणायचे," ती हळूच म्हणाली. "येते मी स्कॅनला. पण मला कळलंय, हे बाबांना सांगू नकोस. रडू दाबायला चार दिवस शीळ घालतायत बिचारे. घालू देत."