दामूचा गुडघा

१९७४ साली आमच्या कबड्डी संघाचा एकच साखळी सामना उरला होता. तो बुधवारी जिंकला, तर शुक्रवारी सेमी फायनल. पण ऐन वेळी आमचा सगळ्यांत भारी चढाईपटू दामू याचा गुडघा सुजला, आणि आमच्या यंत्रमागांच्या वस्तीत, निजामपुऱ्यातल्या चहाच्या हॉटेलात वाद पेटला.

"दामूला बुधवारी खेळवाच," मी म्हणालो. "कशेळीवाल्यांशी हरलो, तर शुक्रवार कसला?"

"मास्तर, तुम्ही शाळेत गणित शिकवा," दामूबरोबर लूमवर काम करणारा सावळाराम उसळला. "बुधवारी त्याला बसवा. बाकीचे काय फुगड्या घालाला उतरतात? गुडघा शुक्रवारला राखा."

संघातला नवशा चिडला. "दर सामन्याला तू गायब, नि आम्हाला अक्कल शिकवतोस? दामूची एक तरी चढाई बघितलीस का रे?"

"न्हाय बघितली," सावळाराम हळूच म्हणाला. "तो खेळाला जातो, तवा त्याच्या ड्युटीवर त्याचे लूम मीच चालवतो. शेठला सांगू नका. शुक्रवारी लूम बंद असतात, मलाबी बघाला येता येईल, म्हणून म्हणतो."

मग कोणी वाद घातला नाही. बुधवारी दामूला बसवून आम्ही कसेबसे एका गुणाने जिंकलो.

शुक्रवारी दामू पहिल्या चढाईला निघाला, तेव्हा सावळाराम चुन्याच्या रेषेला खेटून उकिडवा बसला होता.

सेमी फायनल आम्ही हरलो. सावळाराम मात्र पुढे कित्येक वर्षं तो सामना जिंकल्यासारखाच सांगायचा, आणि आमच्यापैकी कोणीही त्याला कधी टोकलं नाही.